‘चार्ज’ या एका शब्दावर इतकी पत्रं

या वेळच्या टपालात आणि ईमेलमध्ये बरीच पत्रं एकाच इंग्रजी शब्दावर होती. हॉस्पिटल, बँक, नोकरीचा अर्ज, शाळेचं पुस्तक असा प्रत्येकाला तो वेगळ्या ठिकाणी अडला. म्हणून आजचं सदर पूर्ण ‘चार्ज’ला दिलं आहे.

प्रश्न: बाई, नमस्कार. मी सिंहगड रस्त्यावरच्या एका छोट्या हॉस्पिटलात रिसेप्शनला आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. सकाळपासून कानावर ‘चार्ज’ पडत असतो: सिस्टर इनचार्ज, रूमचे चार्जेस, आज कोणाचा डिस्चार्ज आहे. मध्यंतरी एका केसपेपरवर ‘डिस्चार्ज फ्रॉम लेफ्ट इअर’ असं लिहिलेलं होतं. पेशंटला घरी सोडायचं आहे असं समजून मी फाईल बिलिंगला पाठवली, आणि मग सिस्टरांचं ऐकून घ्यावं लागलं. शब्दकोश उघडला तर या शब्दाखाली भलीमोठी यादी. हे सगळे अर्थ पाठ करायचे का?
— एक वाचक भगिनी, धायरी

उत्तर: नाही ताई, पाठ करू नका. इनचार्ज, चार्जेस, डिस्चार्ज यातलं तुम्हाला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. तुम्ही ते कामावर, माणसांच्या तोंडून शिकलात आणि रोज बिनचूक वापरताही. पुढचे अर्थही त्याच वाटेने यायला हवेत.

मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवत असे. दिवसभर राबून संध्याकाळी वर्गात येणारी मुलंमाणसं. फळ्यावर शब्द लिहिला की अर्थ सांगण्याआधी मी विचारायचे, “हा कुठे ऐकलात?” ‘चार्ज’ लिहिला त्या संध्याकाळी नाना पेठेत बॅटरीच्या दुकानात काम करणारा मुलगा आधी उठला. म्हणाला, “बाई, हायड्रोमीटरनं सेलमधलं ॲसिड ओढायचं. ग्रॅव्हिटी एक पॉइंट पंचवीसच्या वर दाखवली की बॅटरी चार्ज झाली. खाली असली तर अजून लावून ठेवायची.” शिवाजीनगर कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या मुलीनं चार्जशीट सांगितलं, एकेकाची केवढी जाड असते तेही सांगितलं. सरकारी कचेरीतले एक शिपाई होते, ते म्हणाले, “साहेबांची बदली झाली की नवे साहेब चार्ज घेतात. त्या दिवशी सह्यांचं फार काम असतं.” मग मी तिघांना आपापलं वाक्य ‘चार्ज’ न वापरता मराठीत लिहायला लावलं. बॅटरी भरली. आरोप ठेवला. कार्यभार सोपवला. तीन वाक्यं एकाखाली एक आली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, प्रत्येकात कुणावर तरी काहीतरी लादलंय की.”

अगदी बरोबर. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कारिकारे’ या क्रियापदापासून आला. त्याचा अर्थ गाडीवर माल चढवणं. ‘कारुस’ म्हणजे चाकांची गाडी. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला. कार, कॅरी आणि जहाजातला माल तो कार्गो, ही सगळी त्याचीच भावंडं. व्यंगचित्राला कॅरिकेचर म्हणतात तेही याच कुळातलं: चेहऱ्यातल्या एखाद्या लकबीवर मुद्दाम जास्त भार टाकलेलं चित्र. तेव्हा ‘चार्ज’ दिसला की पहिला प्रश्न विचारायचा, इथे भार कसला आणि तो कुणावर? बॅटरीवर विजेचा, गिऱ्हाइकावर पैशांचा, अधिकाऱ्यावर जबाबदारीचा, आरोपीवर आरोपाचा.

आपल्या भाषेनेही हीच वाट धरलेली आहे. कार्यभार, पदभार, प्रभारी अधिकारी हे शब्द पाहा. भार आणि भरणं हे दोन्ही संस्कृतातल्या ‘भृ’ या एकाच धातूचे. म्हणून जमिनीतलं पाणी ‘रिचार्ज’ करण्याला आपण पुनर्भरण म्हणतो. पावसाळ्याआधी सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर बोअरवेल पुनर्भरणाची सूचना लागते, तिथे हा शब्द वाचला असेल.

आता तुमचा डिस्चार्ज. ‘डिस’ लागला की भार उतरतो किंवा अडवून ठेवलेलं मोकळं होतं. पेशंट हॉस्पिटलच्या देखरेखीतून मोकळा होतो, कानातून पू बाहेर येतो, दोन्ही डिस्चार्जच. दुसऱ्याला मराठीत स्राव म्हणतात. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडतात, तेव्हा आपल्या बातम्यांत ‘विसर्ग’ असतो आणि इंग्रजी बातमीत डिस्चार्ज. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28.3 लिटर. आकडा वाढला की भिडे पूल बंद होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. कोर्टातही डिस्चार्ज असतो. खटला पुढे चालवण्याइतका आधारच नाही असं दिसलं तर न्यायाधीश आरोपीला सुरुवातीलाच आरोपमुक्त करतात, तो डिस्चार्ज. साक्षीपुरावे होऊन सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता, इंग्रजीत ॲक्विटल. मराठी बातम्यांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि ते मला फार खटकतं, कारण त्या माणसाच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे.

केसपेपरवरचा घोटाळा टाळायचा तर तो शब्द कोणत्या रकान्यात आहे ते आधी बघा. तक्रारी किंवा तपासणी यांखाली डिस्चार्ज असेल तर तो स्राव. सल्ला किंवा पुढची योजना यांखाली, तारखेजवळ असेल तर पेशंट घरी जातोय. शब्दापुढे कान, नाक, जखम असं शरीराचं नाव आलं तर शंकाच उरत नाही. आणि एक छोटी वही पर्समध्ये ठेवा. तीत ‘चार्ज = अमुक’ असं लिहू नका. ऐकलेलं अख्खं वाक्य लिहा आणि बाजूला ते कुठे ऐकलं ते लिहा: वॉर्डमध्ये, बिलिंगला, फोनवर.

शब्दकोशातल्या यादीलाही घाबरू नका. शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश सहसा रोजच्या वापरातला अर्थ आधी देतात, तर ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतो. आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये 1948 पासून संस्कृतचा असा ऐतिहासिक तत्त्वांवरचा महाकोश चालू आहे. एकेका शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमाने लावायला किती पिढ्या लागतात, ते तिथे कळतं. तुम्हाला मात्र शिकणाऱ्यांचा कोश हवा. अप्पा बळवंत चौकात मागताना ‘लर्नर्स डिक्शनरी’ असंच मागा.

प्रश्न: मी घरून ब्लाउज आणि ड्रेस शिवून देते. बाणेरकडच्या सोसायट्यांतल्या बऱ्याच बायकांना मराठी येत नाही, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. मी ‘आय विल चार्ज फाइव्ह हंड्रेड रुपीज फ्रॉम यू’ म्हणते. त्यांना कळतं, पण माझी भाची म्हणते हे चूक आहे. काय चुकलं?
— एक वाचक भगिनी, औंध

उत्तर: भाची बरोबर सांगते आहे. आपण मराठीत ‘तुमच्याकडून पाचशे घेईन’ म्हणतो, त्या ‘कडून’चा ‘फ्रॉम’ होऊन इंग्रजीत शिरतो. हे फार जणांचं होतं. इंग्रजीत ‘चार्ज’च्या लगेच पुढे ज्याच्याकडून घ्यायचे तो माणूस येतो, मग रक्कम, आणि कशाबद्दल ते ‘फॉर’ने: ‘आय चार्ज यू फाइव्ह हंड्रेड फॉर अ ब्लाउज.’ पुन्हा तोच भार: माणसावर पाचशेचा. अस्तर फुकट लावून देत असाल तर ‘नो एक्स्ट्रा चार्ज फॉर द लायनिंग’. तुमच्या गिऱ्हाइकांना हे वाक्य नक्की आवडेल.

यासाठी मराठीत ‘आकारणे’ हे नेमकं क्रियापद आहे. महावितरणचं बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. इंग्रजीत यातला प्रत्येक आकार म्हणजे चार्ज: फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज. त्याच बिलात ‘वीज शुल्क’ अशीही ओळ असते. ती मात्र इलेक्ट्रिसिटी ड्युटी, म्हणजे राज्य सरकारचा कर. तिला चार्ज म्हणत नाहीत. दर महिन्याला घरी येणारा हा कागद आहे. इंग्रजी आणि मराठी बिल शेजारी ठेवून वाचलंत तर कोणत्याही क्लासइतकं शिकाल.

सगळ्याच पैशांना चार्ज म्हणायची सवय मात्र मोडा. रिक्षाचं भाडं ते फेअर, डॉक्टरांची किंवा वकिलांची फी ती फी, वस्तूची किंमत ती प्राइस. चार्ज बहुतेक वेळा सेवेचा असतो. म्हणून तुमच्या शिलाईला तो चपखल बसतो.

प्रश्न: माझं घराचं कर्ज नुकतंच फिटलं. बँकेच्या पत्रात ‘द चार्ज ऑन द प्रॉपर्टी विल बी रिलीज्ड’ असं वाक्य आहे. अजून काही पैसे भरायचे राहिले आहेत का? विचारायला गेलो तर काउंटरवरचे साहेब घाईत होते.
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर: काका, या वाक्यात तुमच्याकडे काहीही मागितलेलं नाही. इथे चार्ज म्हणजे बोजा. गावाकडे सातबारा पाहिला असेल, तर ‘इतर अधिकार’ या भागात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नोंदवलेला असतो, तोच हा. कर्ज फिटेपर्यंत घर त्या रकमेला बांधलेलं होतं, आता बँक तो बोजा उतरवते आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 100 मध्ये ‘चार्ज’ची व्याख्या आहे आणि कायद्याच्या भाषेत गहाण वेगळं, चार्ज वेगळा. पण बँकेच्या पत्रांत हा शब्द सरसकट ‘बोजा’ याच अर्थाने येतो.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘चार्ज फॉर’ असेल तर कशाचे तरी पैसे. ‘चार्ज ऑन’ आणि पुढे घर, जमीन, मालमत्ता असेल तर बोजा. दोन्ही एकाच पत्रात येऊ शकतात, म्हणून प्रत्येक वेळी पुढचा शब्द वाचा.

आता भाषेपलीकडचं, पण तुमच्या कामाचं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या परिपत्रकानुसार, 1 डिसेंबर 2023 पासून अशी कर्जं पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदणी केलेला ‘चार्ज’ काढून टाकायचा, हे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई. पत्रावरची तारीख बघून ठेवा, आणि कागद हातात आले की यादीप्रमाणे एकेक तपासून मगच सही करा. तुमच्या सोसायटीच्या दप्तरी बँकेची नोंद असेल तर तीही कमी करून घ्या.

प्रश्न: बायोडेटात मी ‘आय वॉज चार्ज्ड विथ द स्टोअर’ असं लिहिलं होतं. मुलाखतीत साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “काय केलं होतंस?” मला काही कळलं नाही. मी दोन वर्षं भोसरीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळलं आहे.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर: तुम्हाला लिहायचं होतं ‘आय वॉज इन चार्ज ऑफ द स्टोअर’. तेवढीच दुरुस्ती करा, अनुभव चांगला आहे.

‘चार्ज्ड विथ’ जपून वापरावं लागतं, कारण ते दोन्हीकडे चालतं. पुढे काम आलं तर जबाबदारी: ‘चार्ज्ड विथ मॅनेजिंग द स्टोअर’ हे बरोबर इंग्रजी आहे. पुढे गुन्हा आला तर आरोप: ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’. तुमच्या वाक्यात पुढे नुसतंच ‘स्टोअर’, काम नाही की गुन्हा नाही. वाचणारा अडखळला तो तिथे. आरोपाच्या बातम्या वाचताना आणखी दोन जोड्या लक्षात असू द्या: ‘अक्यूज्ड ऑफ’ आणि ‘कन्व्हिक्टेड ऑफ’. चार्जबरोबर ‘विथ’, या दोघांबरोबर ‘ऑफ’. आणि चार्ज झाला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं होत नाही. पोलिस तपास करून आरोपपत्र देतात, कोर्ट आरोप निश्चित करतं, खटला त्यानंतर चालतो. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी हा क्रम तोच आहे.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने बाजू उलटते. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’: मूल नर्सच्या ताब्यात. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’: अर्थ तोच, पण आता वाक्य मुलापासून सुरू होतं. तुम्ही ‘द’ घातलात तर स्टोअरच तुम्हाला सांभाळत होतं असं होईल. तेव्हा ‘द’ नको.

प्रश्न: ‘लाठीचार्ज’ लिहावं की ‘लाठीमार’?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: लाठीमार. छोटा, नेमका आणि आपला आहे. बंदूक ठासून भरणं हाही चार्जच, आणि हत्यार सज्ज करून शत्रूवर तुटून पडणं हाही. हत्ती किंवा गवा अंगावर धावून येतो, फलंदाज क्रीज सोडून गोलंदाजावर चाल करतो, तिथेही इंग्रजीत हाच शब्द असतो. पण ‘चाल करणं’ आपल्याकडे असताना मराठी बातमीत उसना शब्द कशाला?

प्रश्न: आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘विद्युतप्रभार’ आहे. सर म्हणतात, चार्ज म्हणजे प्रभार. मग फोन चार्ज करतो तेव्हा त्यात प्रभार भरतो का? फोन जड होत नाही.
— एक विद्यार्थिनी, हडपसर

उत्तर: बाळ, प्रश्न फार छान आहे, आणि तो फार मोठ्या माणसालाही पडला होता. 1740 च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन लायडन बरणीवर प्रयोग करत होता. ही काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पातळ पत्रा लावलेली, तीत वीज साठवायची. बरणी ‘चार्ज’ करणं आणि ‘डिस्चार्ज’ करणं हे शब्द त्याच्या पत्रांत आहेत. तोफ भरतात आणि उडवतात तशी ही बरणी भरायची आणि ठिणगी पाडून मोकळी करायची. अशा बरण्या ओळीने जोडून त्याने त्या संचाला ‘बॅटरी’ म्हटलं, आणि बॅटरी म्हणजे त्या वेळी तोफांची रांग.

आणि त्यानेच लिहून ठेवलं आहे की चार्ज झालेल्या बरणीत आधीपेक्षा जास्त वीज नसते. एका बाजूला जेवढी वाढते तेवढीच दुसऱ्या बाजूला कमी होते. तुझ्या फोनच्या बॅटरीतही तसंच आहे. चार्जर प्रभार बाहेरून आणून ओतत नाही, तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलवतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. साठते ती ऊर्जा. फोन वापरताना प्रभार उलट फिरतो आणि ती ऊर्जा तुला मिळते. बोलताना आपण ‘फोनमध्ये चार्ज भरला’ म्हणतो, ते चालतं. परीक्षेत मात्र प्रभार आणि ऊर्जा वेगळे लिही.

पुस्तकात प्रभार कूलोममध्ये मोजतात. बॅटरीवर किंवा फोनच्या खोक्यावर मिलिअँपिअर-तासांचा आकडा असतो, ते प्रभाराचंच माप आहे. समजा 5000 लिहिलंय. म्हणजे 5 अँपिअर-तास. एका तासात 3600 सेकंद, म्हणून 5 गुणिले 3600, झाले 18000 कूलोम. पूर्ण भरलेली बॅटरी संपेपर्यंत एवढा प्रभार तुझ्या फोनमधून फिरतो. घरच्या फोनचा आकडा शोध, गुणाकार कर आणि सरांना दाखव.